पाटीवर हिरवा आकडा, खिडकीत पांढरी धूळ

दिवाळी उरकली आणि पाऊस पुरता गेला, की या सदराच्या पेटीत धुळीची पत्रे पडू लागतात. पाण्याच्या टाकीतले किडे, भिंतीवरची बुरशी, सगळ्यांना या वेळी रांगेत मागे उभे केले आहे आणि फक्त बांधकामाच्या धुळीची पत्रे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: नोकरीची बहुतेक वर्षे मी मुंबई-ठाण्यातल्या गच्च्यांवर हवेचे नमुने घेण्यात घालवली. काचतंतूचा फिल्टर कागद आधी तोलायचा, यंत्रात लावायचा, दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा तोलायचा. त्यामुळे आकड्यांबद्दल मला आदर आहे आणि आकड्यांच्या पाट्यांबद्दल संशय. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीला लागून तीन जुन्या इमारती पाडल्या आणि आता मोठा टॉवर उभा राहतो आहे. कुंपणाला पत्रे आहेत, गेटवर डिजिटल पाटी आहे. तिच्यावर दिवसभर ‘एक्यूआय ८४’, ‘एक्यूआय ९१’ असे हिरवे आकडे येतात. इकडे आमच्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर सकाळी पुसले, तर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. एका सभासदाने साडेतीन हजारांचे यंत्र मागवले, तर ते पीएम २.५ चाळीसच्या आसपास दाखवते. बिल्डरचा माणूस हसून म्हणतो, ‘बघा, तुमचेच यंत्र आमच्या बाजूने बोलतंय.’ खरे कोणाचे मानायचे?
— सोसायटीचे सेक्रेटरी, मुलुंड (पूर्व)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, यंत्र आणि खिडकी दोन्ही आपापल्या जागी खरी बोलताहेत. पाटीला मात्र चार प्रश्न विचारायला हवेत.

आधी खिडकी. कट्ट्यावर बसते ती धूळ जाड असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला, तर पाडकामातून, खडी ओतण्यातून, डंपरच्या चाकांखालून उडणाऱ्या धुळीचा मोठा हिस्सा दहा मायक्रॉनच्या वरचा असतो. तीस मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक शंभर मीटरच्या आत खाली बसतात, म्हणजे तुमच्याच कट्ट्यावर आणि वाळत घातलेल्या चादरींवर. हवेच्या निर्देशांकात, म्हणजे पाटीवरच्या ‘एक्यूआय’मध्ये, हे कण मोजलेच जात नाहीत. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन आणि त्याहून लहान, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान. जाड धूळ छातीत खोल जात नाही, नाक-घशातच अडकते. पण तिच्याबरोबर पीएम १० चे कणही उडालेले असतात. म्हणून कट्टा पांढरा झाला की शेजारची हवा तपासायला कारण मिळते.

आता सभासदाचे यंत्र. त्यात एक बोटभर पंखा हवा ओढतो, एक लेझर किरण तिच्यावर पडतो आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून आकडा काढला जातो. बारीक कणांसाठी, म्हणजे धूर, उदबत्ती, फटाके, शेकोटी यांच्यासाठी ते बऱ्यापैकी काम करते. जाड कण मात्र त्या चिमुकल्या तोंडातून नीट आत वळतच नाहीत. अशा स्वस्त सेन्सरांवर पीएम १० म्हणून जो आकडा दिसतो, तो पुष्कळदा बारीक कणांवरून केलेला अंदाज असतो. शिवाय पीएम २.५ ही मुख्यतः जळण्यातून येणारी चीज: डिझेल, कोळसा, कचरा. बांधकामाची धूळ पीएम २.५ मध्ये शोधणे म्हणजे चुकीच्या खिशात हात घालणे. यंत्र वाया गेले असे समजू नका, त्याचा उपयोग खाली सांगते. फक्त ते बिल्डरचे साक्षीदार होऊ शकत नाही.

राहिली पाटी. राष्ट्रीय निर्देशांकाची रीत अशी, की किमान तीन प्रदूषके मोजलेली हवीत, त्यांतले एक पीएम २.५ किंवा पीएम १० असायलाच हवे, आणि धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढायचा, त्यासाठी किमान १६ तासांची नोंद हवी. गेटवरच्या डब्यात फक्त धुळीचा सेन्सर असेल, तर त्याने ‘एक्यूआय’ हा शब्द वापरणेच मुळात सैल आहे. त्यांना विचारा: डबा काय काय मोजतो? सरासरी किती तासांची? शेवटचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाण यंत्राशी ताडून बघणे, कधी? आणि पीएम १० चा तासातासाचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे दर घनमीटर हवेत किती धूळ, कुठे पाहायला मिळेल?

या सरासरीची गंमत करून दाखवते. समजा, बावीस तास पीएम १० नव्वद मायक्रोग्रॅम होते आणि दोन तास ब्रेकर चालला तेव्हा नऊशे. चोवीस तासांची सरासरी येते सुमारे १५८. राष्ट्रीय मानक १०० आहे, म्हणजे ते मोडले. पण निर्देशांकात बसवले की आकडा येतो १३८ च्या आसपास, आणि त्याला नाव मिळते ‘मध्यम’. नवरा दोन तास आरडाओरडा करून बावीस तास झोपला, म्हणून घर मध्यम शांत आहे असे म्हणण्यापैकी हे. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दमेकरी आजींना ते दोन तासच भोवतात.

म्हणून तुम्ही करायचे ते असे. सभासदाचे यंत्र बांधकामाच्या बाजूच्या गॅलरीत ठेवा, उन्हापावसापासून आडोसा द्या, आणि शेजारी एक वही ठेवा. वहीत वेळ आणि काय चालले होते ते लिहा: ‘सव्वाअकरा, स्लॅब तोडतात, पाणी मारत नाहीत’, ‘साडेचार, डंपर ताडपत्रीशिवाय बाहेर’. आकडा थोडा कमी-जास्त दाखवेना का, काम सुरू झाल्यावर तो उडी मारतो आणि जेवणाच्या सुट्टीत बसतो, हे वहीशी जुळले की पुरावा तयार झाला. दुसरे, दोन पांढऱ्या टाइल्स घ्या. एक बांधकामाकडच्या खिडकीत, एक विरुद्ध बाजूच्या खिडकीत, दोन्ही एकाच मजल्यावर. आठवड्याने दोन्हींचा एकत्र फोटो काढा, पुसा, पुन्हा ठेवा. आमच्या वेळी यासाठी तोंड उघडी बरणी महिनाभर गच्चीवर ठेवत आणि पडलेली धूळ तोलत. तोलायच्या भानगडीत तुम्ही पडू नका, फोटो पुरतो.

आणि पत्र्यांची उंची बघून घ्या. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या नियमांप्रमाणे सत्तर मीटरहून उंच इमारतीच्या भोवती किमान ३५ फुटी पत्रे हवेत. एक एकराहून मोठ्या जागेलाही ३५ फूट, लहान जागेला २५. पाडकाम चालू असेल तर वरून खालपर्यंत ओल्या कापडाचा किंवा ताडपत्रीचा आडपडदा हवा. हे मोजायला सेन्सर लागत नाही. पत्र्याशेजारी एक माणूस उभा करून फोटो काढला की झाले.

प्रश्न : सरकारी ॲपवर आमच्या भागातली हवा ‘समाधानकारक’ दिसते आणि आमच्या गल्लीत दोन ठिकाणी खोदकाम चालू आहे. ॲप खोटे बोलते का?
— ज्येष्ठ नागरिक, दादर

उत्तर : काका, ॲप खोटे बोलत नाही, ते तुमच्या गल्लीबद्दल बोलतच नाही. प्रदूषण मंडळाची किंवा पुण्याच्या हवामान संस्थेच्या ‘सफर’ची केंद्रे मुद्दाम अशा जागी बसवतात, की शेजारच्या एकाच धुळीच्या ढिगाने आकडा बिघडू नये. तिथे धूळ कागदी फितीवर ओढून तिच्यातून बीटा किरण किती अडले हे मोजतात. यंत्र चांगलेच आहे. पण ते शहराची नाडी बघते, तुमच्या गल्लीतल्या खड्ड्यासाठी खड्ड्याजवळच मोजावे लागेल.

प्रश्न : मॅडम, मी एका प्रकल्पावर ज्युनिअर साइट इंजिनिअर आहे. महापालिकेची नोटीस आल्यावर आमच्याकडे सेन्सर बसवला. तो कुठे लावायचा हे कोणी सांगितले नाही. कंत्राटदार म्हणाला, साइट ऑफिसच्या मागे लाव, तिथे लाइटचा पॉइंट आहे. तिथेच पाण्याचे धुके फवारणारा फॉगर पण आहे. आकडे छान येतात, पण मला खात्री वाटत नाही. नाव छापू नका.
— वाचक, अंधेरी

उत्तर : नाव छापत नाही, आणि खात्री वाटत नाही हे तुमच्या नोकरीच्या दृष्टीने शुभलक्षण आहे. २०२५ पासून सेन्सर न बसवणाऱ्या साइट्सना नोटिसा जाऊ लागल्या, त्यामुळे डबे भराभर बसले. बहुतेक ठिकाणी जागा ठरवली ती वायरमनने.

फॉगरजवळचा सेन्सर दोन उलट चुका करतो. फवाऱ्याने धूळ खाली बसली, तर आकडा साइटपेक्षा कमी येतो. फवाऱ्याचे थेंबच सेन्सरमध्ये शिरले, तर लेझरला थेंब आणि धूळ यांतला फरक कळत नाही, आकडा भलताच चढतो. पहाटेच्या दमट हवेतही असेच होते: कण पाणी पिऊन फुगतात आणि स्वस्त सेन्सर जास्त दाखवतो. म्हणून आर्द्रतेचा रकाना नसलेला डेटा मी तरी हातात घेत नाही.

जागा वाऱ्यावरून ठरवा. मुंबईत हिवाळ्यात रात्री आणि सकाळी वारा जमिनीकडून येतो, ढोबळमानाने ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून. दुपारनंतर तो फिरतो आणि समुद्राकडून, वायव्येकडून किंवा पश्चिमेकडून वाहू लागतो. तेव्हा एकच सेन्सर असेल तर तो दिवसातला निम्मा वेळ साइटची धूळ मोजतच नाही, शहराची मोजतो. दोन घ्या. एक पूर्वेच्या कुंपणावर, एक पश्चिमेच्या. माणूस श्वास घेतो त्या उंचीला किंवा थोडे वर, पत्र्याला चिकटवून नको, पत्र्यामागे वारा कोंडतो. जनरेटरच्या धुराड्यापासून आणि कामगारांच्या चुलीपासून लांब. डबे लावण्याआधी दोन्ही दोन-चार दिवस शेजारी शेजारी चालवा. एकाच हवेत ते किती वेगळे बोलतात, हे कळले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ आहे.

मग एकट्या आकड्याकडे बघू नका, दोन आकड्यांमधला फरक बघा. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो तिकडे, शंभर आणि खालच्या बाजूला, म्हणजे जातो तिकडे, एकशे दहा, तर धूळ शहराची आहे, तुम्ही वाचलात. वर शंभर आणि खाली दोनशे साठ, तर जादा एकशे साठ तुमच्या साइटने दिले. लॉस एंजेलिसच्या परिसरात नियमच तसा आहे: वाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंच्या पीएम १० मध्ये पन्नास मायक्रोग्रॅमहून जास्त फरक पडता कामा नये. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना तासाच्या सरासरीवर १९० मायक्रोग्रॅमची रेघ मारतात, ती ओलांडली की काम तपासायचे. आपल्याकडे महापालिकेने सेन्सर लावा आणि मर्यादा ओलांडली की उपाय करा, इथवर मजल मारली आहे. माझ्या मते फरकाचा नियम इथे सगळ्यांत आधी यायला हवा होता, कारण मुंबईची पार्श्वभूमीची हवाच जानेवारीत इतकी गढूळ असते की ‘धूळ आमची नव्हेच’ ही सबब प्रत्येकाला सहज मिळते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामे सरसकट थांबवली, तेव्हा नियम पाळणारेही त्यात भरडले गेले. फरकाच्या नोंदी हातात असलेल्या साइटला निदान आपली बाजू मांडता आली असती.

कंत्राटदाराला हेच सांगा: नीट लावलेले दोन सेन्सर हे त्याचे कवच आहे. त्याला शुद्ध हवेची गोडी नसेल, पण काम बंद पडण्याची धास्ती नक्की असेल.

प्रश्न : बाल्कनीत तुळस, मनी प्लांट, स्नेक प्लांट लावले तर समोरच्या साइटची धूळ थांबेल का?
— वाचक, ठाणे

उत्तर : पानांवर बसेल तेवढी थांबेल. पाने आठवड्याने पुसा, झाडांसाठी. साइटचे काम चालू असेल त्या तासांत त्या बाजूची खिडकी बंद आणि विरुद्ध बाजूची उघडी ठेवा, आणि झाडण्याऐवजी ओले फडके वापरा.

प्रश्न : ताई, माझे बाबा टाइल आणि ग्रॅनाइट बसवतात. घरी येतात तेव्हा भुवया पांढऱ्या असतात. हल्ली जिना चढताना त्यांना दम लागतो. ते तोंडाला रुमाल बांधतात आणि म्हणतात, सवय झाली आहे. साइटवर पाटी लावली आहे की हवा चांगली आहे. मग त्यांना काही धोका नाही ना?
— बारावीतली वाचक, कल्याण

उत्तर : बाळ, तुझ्या पत्राला मी सगळ्यांत आधी उत्तर लिहिले, छापताना ते खाली आले इतकेच.

गेटवरच्या पाटीचा तुझ्या बाबांशी काही संबंध नाही. कटर चालतो तेव्हा धूळ त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर उठते, गेटपर्यंत पोचेतो ती विरळ होते. त्या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच खनिज, असते, आणि तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. भुवयांवरचा पांढरेपणा म्हणजे जाड धूळ, त्यांच्या फुप्फुसात जाते ती निराळी. कोटा आणि कडप्पा हे चुनखडीच्या जातीचे, त्यांत सिलिका तुलनेने कमी. ग्रॅनाइटमध्ये भरपूर. आणि स्वयंपाकघरात हल्ली ज्याचे ओटे करतात त्या कारखान्यातल्या ‘क्वार्ट्झ’मध्ये ती नव्वद टक्क्यांच्या आसपासही असू शकते. कामगारांना होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली. बाबा हल्ली कोणता दगड कापतात, ते त्यांना विचार.

सिलिकोसिसमध्ये फुप्फुसावर व्रण पडतात, ते भरून येत नाहीत. त्याची लक्षणे क्षयासारखी दिसतात, आणि क्षय होण्याचा धोकाही त्याने वाढतो. म्हणून डॉक्टरकडे गेलात की ‘दम लागतो’ एवढेच सांगू नका. ‘इतकी वर्षे दगड आणि टाइल कापतात’ हे पहिल्या वाक्यात सांगा. छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारायची श्वासचाचणी करायला सांगतील, ती टाळू देऊ नकोस. या महिन्यातच जा.

रुमाल ओला असो की कोरडा, तो सिलिका अडवत नाही. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर अडवतो, दाढी असेल तर कडेने हवा शिरते. पण मास्कच्याही आधी पाणी. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ उठतानाच खाली बसते. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने दगड कापताना आणि घासताना पाण्याचा फवारा वापरणे, आणि उघड्यावर कापकाम न करणे बंधनकारक केले आहे. बाबा कंत्राटदाराकडे पाणी मागतील तर ती मेहेरबानी नव्हे. चिखल होतो, वेळ जातो, म्हणून ते टाळतात, मला माहीत आहे. त्यांचे मन वळवायला तू नाही तर कोण?

आणखी एक. वर्षभरात किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या, अठरा ते साठ वयाच्या कामगाराची नोंदणी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होते. बाबांची झाली नसेल तर करून घ्या. अर्ज तू भर, त्यांना नुसती सही करू दे.

प्रश्न : आमच्या वस्तीमागे आरएमसी प्लांट, म्हणजे तयार काँक्रीटचा कारखाना, आहे. रात्री दोन-तीन वाजता सिमेंटचा ढग येतो. सकाळी वॉर्ड ऑफिसचा माणूस येतो, तेव्हा सगळे स्वच्छ असते. तक्रार कशी करावी?
— महिला बचत गट, चेंबूर

उत्तर : रात्रीचा ढग बहुधा सायलो, म्हणजे सिमेंट साठवायची उंच टाकी, भरताना येतो. सिमेंटचा बल्कर, म्हणजे टँकर, दाबाच्या हवेने सायलोत माल ढकलतो, ती हवा वरच्या फिल्टरमधून बाहेर पडते. फिल्टरच्या पिशव्या फाटल्या असतील किंवा सायलो काठोकाठ भरला, की सिमेंट थेट आकाशात. पाहणी दिवसा झाली तर काही सापडणारच नाही.

म्हणून बल्कर आत शिरताना वेळ टिपा, ढग दिसला की ओळखीची खूण, एखादा दिवा किंवा पाण्याची टाकी, चौकटीत घेऊन व्हिडिओ काढा. आठवड्यातून कोणत्या रात्री बल्कर येतो, हे तुम्हाला दोन-तीन आठवड्यांत कळेल. मग तक्रारीत ‘धूळ फार होते’ असे लिहू नका. ‘अमुक वारी रात्री इतक्या वाजता सायलो भरताना सिमेंट उडते, त्या वेळी पाहणी करावी’ असे लिहा. महापालिकेकडे १९१६ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. पण प्लांटची खरी दोरी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हातात आहे. १९८१ च्या हवा कायद्याखाली त्यांचे संमतीपत्र असल्याशिवाय प्लांट चालवता येत नाही, आणि त्या संमतीपत्रात धुळीच्या अटी लिहिलेल्या असतात. माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्याची प्रत मागवा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत आली की एकेक अट वाचा आणि प्लांटच्या गेटवर उभे राहून ताडून बघा: रस्ता पक्का आहे का, चाके धुतात का, खडीचे कप्पे तीन बाजूंनी बंद आहेत का. जी अट मोडलेली दिसेल तिचा क्रमांक तक्रारीत घाला. नुसत्या तक्रारीला ‘पाहणी केली, आढळले नाही’ असे ठरीव उत्तर देता येते. अट क्रमांकासह आलेल्या तक्रारीला ते देणे अवघड जाते. प्रत मिळाली आणि तिची भाषा कळली नाही, तर माझ्याकडे पाठवा, पुढच्या अंकात उलगडून सांगेन.